वर्स्ट ऑफ फाइव्ह

2010 चा जून-जुलै महाराष्ट्रानं 'बेस्ट ऑफ फाइव्ह'वर भांडण्यात घालवला. दहावीच्या सहा विषयांपैकी उत्तम पाच धरायचे आणि सहाव्याचं नाव काढायचं नाही, असं सरकारनं ठरवलं. उच्च न्यायालयानं ते रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा लागू केलं, आणि तोवर अकरावीच्या प्रवेशाचा खोळंबा झाला. नेमक्या त्याच काळात घराघरांत, ऑफिसांत आणि कॉलेजांत विंडोज सेव्हन नावाचा एक परीक्षक 'वर्स्ट ऑफ फाइव्ह' राबवत होता. त्याच्याविरुद्ध एकही पालक कोर्टात गेला नाही.

ज्यांचा या परीक्षकाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. 'कॉम्प्युटर'च्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की मशीनच्या कुंडलीत एक आकडा दिसायचा. त्याचं नाव विंडोज एक्सपीरियन्स इंडेक्स. विंडोज व्हिस्टाबरोबर तो जगात आला तेव्हा 1.0 ते 5.9 अशी पट्टी होती. 2009 साली विंडोज सेव्हननं ती 7.9 पर्यंत ताणली. विषय पाच: प्रोसेसर, मेमरी, डेस्कटॉपचं ग्राफिक्स, गेमिंगचं ग्राफिक्स आणि हार्ड डिस्क. पाचांचे गुण वेगवेगळे द्यायचे आणि त्यातला सर्वांत कमी जो असेल तो अंतिम निकाल म्हणून कपाळावर चिकटवायचा. सरासरी नाही, ग्रेस नाही, खेळाडूंसाठी वाढीव गुण नाहीत.

त्यामागे तर्क होता, नव्हता असं नाही. मशीन अडतं ते सर्वांत दुबळ्या भागापाशी, तेव्हा तोच आधी दाखवा, म्हणजे गिऱ्हाईक तिथे पैसे घालील. पण हा तर्क मांडणाऱ्या माणसानं आपल्याकडचं अकाउंट्स खातं पाहिलेलं नसावं. तिथल्या मशीनवर टॅली चालतं, फार तर पगारपत्रकाची एक्सेल. त्या बिचाऱ्या मशीनला प्रोसेसरमध्ये सहाच्या वर, डिस्कमध्ये 5.9 मिळालेले असायचे आणि निकाल लागायचा 3.4, कारण गेमिंग ग्राफिक्समध्ये दांडी. मशीननं आयुष्यात पत्त्यांच्या सॉलिटेअरपलीकडे गेम पाहिलेला नाही, हेडक्लार्कबाईंनी तर तोही नाही. पण दोघांचा निकाल गेमिंगवर. बाई विचारायच्या, "सर, हे नापास आहे का?" नापास कोणीच नसतं, पट्टी मुळात एकपासून सुरू होते, शून्य देण्याची सोयच नाही, असं सांगितलं की त्यांना आणखी संशय यायचा. शून्य न देणाऱ्या परीक्षकावर महाराष्ट्रात कोणी विश्वास ठेवत नाही.

डिस्कचे 5.9 हेही एक प्रकरणच. विंडोज सेव्हनमध्ये फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कनं कितीही धाव घेतली तरी 5.9 वर तिला लक्ष्मणरेषा आखलेली. वरच्या जागा एसएसडीसाठी राखीव. मेमरीचा नियम याहून बारीक. निकाल जिथे साठतो ती फाइल मी एकदा नोटपॅडमध्ये उघडून वाचली, आणि तेव्हापासून या परीक्षकाबद्दल मला एक प्रकारचा आदर आहे. तिच्यात स्वच्छ लिहिलेलं असतं की चौसष्ट बिट विंडोजला वापरायला मिळणारी मेमरी 4 जीबी वजा 64 एमबी यापेक्षा कमी असेल तर मेमरीचे गुण 5.9 वर अडवावेत. शेजारी बाइटमध्ये आकडा: 4227858432. आता 4 जीबीची रॅम घेणारा माणूस 4 जीबीचे पैसे मोजतो. पण मदरबोर्डवरच्या ऑनबोर्ड ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ते घरातल्याच रॅममधून आपला वाटा काढून घेतं. त्यानं 64 एमबीच्या वर हात मारला की रॅम कितीही वेगवान असो, अडकली 5.9 वर. म्हणजे ग्राफिक्स स्वतः गेमिंगमध्ये आपटणार, आणि वर मेमरीचेही गुण घालवणार. घरात पाहुणा म्हणून आलेल्या भाच्यानं स्वतः नापास होऊन यजमानांच्या मुलाचाही अभ्यास बुडवावा, तसं हे.

तरी इथपर्यंतचा आकडा प्रामाणिक होता. कडक, चमत्कारिक, पण त्या मशीनचा स्वतःचा. खरी गंमत मशिनी घाऊक भावात यायला लागल्या की सुरू होते.

घाऊक मशिनी भरायची आपल्याकडची रीत ठरलेली आहे. एक मास्टर मशीन घ्यायचं, त्यावर विंडोज टाकायचं, ड्रायव्हर टाकायचे, ऑफिस, अँटिव्हायरस, मराठी फॉन्ट, सगळं टाकायचं, आणि मग त्याची इमेज काढून बाकीच्या सगळ्यांवर घोस्ट मारायचा. घोस्ट हे मुळात न्यूझीलंडमध्ये 1995 साली तयार झालेल्या एका सॉफ्टवेअरचं नाव; 1998 मध्ये सिमँटेकनं ते विकत घेतलं. आपल्याकडे कंपनी कुठली, देश कुठला, याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. फॉरमॅट मारतात तसा घोस्ट मारतात. पुढे दुसरी अवजारं आली, विंडोजचा स्वतःचा इमेजचा प्रकार आला, तरी क्रियापद तेच राहिलं.

इमेज काढण्याआधी सिसप्रेप नावाचा एक सोपस्कार करायचा असतो. त्यात मास्टर मशीनची ओळख पुसली जाते, म्हणजे प्रत्येक नवं मशीन आपल्यापुरतं नवं म्हणून उठतं. हा सोपस्कार कागदावर सगळे करतात. प्रत्यक्षात संध्याकाळी सात वाजता टेम्पो दारात उभा असतो, टेम्पोवाला हॉर्न वाजवत असतो, आणि सिसप्रेप वगळला जातो. मग मास्टर मशीनबरोबर त्याचं प्रगतिपुस्तकही सगळ्यांच्या दप्तरात जातं. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात परफॉर्मन्स, त्यात विनसॅट (परीक्षा घेणारा प्रोग्राम तो हाच), त्यात डेटास्टोअर अशा चार दारांच्या आत ते एक्सएमएल फायलींच्या रूपात पडून असतं. नव्या मशीननं परीक्षा दिलेलीच नसते, पण निकाल हातात असतो. आणि सगळ्यांचं हार्डवेअर एकसारखंच असल्यामुळे विंडोजलाही शंका यायचं काही कारण उरत नाही.

मास्टरवर ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकायच्या आधीच परीक्षा उरकलेली असेल, तर प्रकरण जास्त रंगतं. ड्रायव्हर नाही म्हणजे विंडोज साध्या व्हीजीएवर चालतं, आणि साध्या व्हीजीएला ग्राफिक्समध्ये 1.0. वर्स्ट ऑफ फाइव्हच्या नियमानं अख्ख्या मशीनला 1.0. विंडोजची 'एरो' नावाची पारदर्शक काच नाही, खिडक्यांना झळाळी नाही. असं मशीन गिऱ्हाइकाच्या घरी गेलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. दुकानदार म्हणतो, "काका, नवीन आहे, जरा वापरलं की मोकळं होईल." कॉम्प्युटर काय चामड्याचा बूट आहे?

मोठे उत्पादक हेच काम राजरोस आणि नीट करतात, तेही सांगायला हवं. व्हिस्टाच्या वेळी नवीन मशीन पहिल्यांदा चालू केलं की विंडोज गिऱ्हाइकाला थांबवून मशीनची कामगिरी तपासत बसायचं. हजारो रुपये मोजून आलेला माणूस पहिल्याच मिनिटाला रांगेत. म्हणून विंडोज सेव्हनमध्ये कारखान्यासाठी विनसॅट प्रीपॉप असा हुकूम दिला गेला. त्याच मॉडेलच्या मशीनवर चाचण्या आधीच घ्यायच्या, निकालाच्या फायली इमेजमध्ये भरून ठेवायच्या, म्हणजे गिऱ्हाइकानं झाकण उघडलं की काच तयार, आकडा तयार. यात लबाडी नाही. मॉडेल तेच असलं तर निकालही तोच यावा. लबाडी तेव्हा होते जेव्हा मॉडेल बदलतं आणि फायली बदलायचा कंटाळा येतो.

मशीनवर चिकटवलेल्या शिफारसपत्राचं महाभारत तर याआधीच होऊन गेलं होतं. व्हिस्टा येण्याआधी, 2006 साली, दुकानातल्या मशिनींवर 'व्हिस्टा कॅपेबल'चे स्टिकर लागले. त्यातल्या कित्येकांना व्हिस्टाची ती गाजलेली काच पेलतच नव्हती. 2007 मध्ये सिएटलच्या फेडरल कोर्टात दावा लागला आणि मायक्रोसॉफ्टच्या आतल्या ईमेल बाहेर आल्या. त्यातल्या एकीत खुद्द कंपनीचाच एक वरिष्ठ अधिकारी, माइक नॅश, कुरकुरत होता की 2,100 डॉलरचा लॅपटॉप घेतला आणि तो आता फक्त ईमेल पाहण्याच्या लायकीचा उरला. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. साहेबांच्या मशीनचंही आपल्यासारखंच असतं.

आता आमच्या लॅबचं सांगतो. कॉलेजचं नाव सांगत नाही. ज्याला ओळखायचं तो ओळखेल आणि बाकीच्यांना आपलंच वाटेल. निविदा निघाली, तुलनात्मक तक्ता झाला, सगळ्यांत कमी दरवाल्याला काम मिळालं, मशिनी आल्या, डेड स्टॉक रजिस्टरला नोंदल्या. प्रत्येक सीपीयूवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर टाकला गेला. नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, समिती येणार होती, म्हणून खरेदी समितीनं पाहणी केली. प्राचार्यांना कोणीतरी तो आकडा दाखवला. सगळ्या मशिनींना 3.5. पहिल्या रांगेत 3.5, शेवटच्या रांगेत 3.5, पंख्याखाली 3.5, गळक्या छताखालीही 3.5. प्राचार्य खूश झाले. पुरवठादार म्हणाला, "सर, क्वालिटी कन्सिस्टंट आहे."

आमच्या लॅब असिस्टंटला मात्र ते खटकलं. हा मुलगा शिकलेला कमी आणि वाचणारा जास्त, त्यामुळे कॉलेजमध्ये त्याचं फारसं कोणाशी जमत नाही. तो म्हणाला, "सर, एका वर्गातल्या सगळ्या पोरांना सारखेच मार्क पडले तर आपण काय समजतो?" मी म्हटलं, "कॉपी." तो डेटास्टोअर उघडून बसला. त्या फायलींच्या नावातच परीक्षेची तारीख आणि वेळ असते, सेकंदासकट. आमच्या मशिनींनी परीक्षा दिली होती ती आमची खरेदीची ऑर्डर निघण्याच्या कितीतरी आधी. म्हणजे आम्ही समितीत बसून 'किती रॅम घ्यायची' यावर वाद घालत होतो तेव्हा आमच्या मशिनी 3.5 गुण मिळवून पास होऊन बसल्या होत्या.

पुरवठादाराला फोन लावला. तो अजिबात गडबडला नाही. "सर, तोच मॉडेल मागे एका संस्थेला दिला होता. इमेज टेस्टेड आहे म्हणून तीच मारली." टेस्टेड या शब्दाला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

उपाय सोपा होता. जुन्या एक्सएमएल फायली उडवायच्या, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि विनसॅट फॉर्मलच्या पुढे रीस्टार्ट क्लीन असं लावून द्यायचं. परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. असिस्टंटचा बेत असा की आपल्या खुर्चीवरून रिमोट डेस्कटॉपनं एकेका मशीनमध्ये शिरायचं आणि चहा संपेपर्यंत सगळं उरकायचं. पण हा परीक्षक रिमोटवर परीक्षा घेत नाही. परीक्षार्थीसमोर प्रत्यक्ष बसावं लागतं. मग मामांकडून लॅबची किल्ली घेतली. मामा म्हणजे आमचे शिपाई. किल्ली त्यांच्याकडे आणि कॉलेजवर सत्ताही त्यांचीच. ते बाकावर बसून बघत राहिले. मध्येच स्क्रीन काळे व्हायचे, लुकलुकायचे. मामा म्हणाले, "साहेब, नवीन मशिनी आहेत, जपून."

लॅबमध्ये विभागाचा एक लॅपटॉपही होता. त्यानं परीक्षा द्यायला साफ नकार दिला. बॅटरीवर ही चाचणी चालतच नाही, चार्जर लावा म्हणतं. चार्जर विभागप्रमुखांच्या घरी, विभागप्रमुख रजेवर.

एका मशीननं वेगळाच सूर लावला: व्हिडिओ प्लेबॅकची क्षमता मोजता आली नाही. विनसॅटच्या फोल्डरमध्ये पाच-पाच सेकंदांच्या दोन-चार क्लिपा असतात. त्या चालवून मशीन व्हिडिओ कसा पेलतं ते पाहिलं जातं. ती पाच सेकंदांची क्लिप या मशीनला झेपेना. शोध घेतला तर कोणीतरी भलामोठा कोडेक पॅक टाकून ठेवलेला आणि त्यानं विंडोजचे सगळे नळ आपल्याकडे वळवून घेतलेले. डेस्कटॉपवर 'प्रॅक्टिकल 4' नावाचं फोल्डर, आणि त्यात तीन तासांचा सिनेमा. लॅबचं उद्घाटन अजून व्हायचं होतं. कोडेक काढला, परीक्षा नीट झाली. सिनेमा कोणाचा, हे कोणी कबूल केलं नाही. मामांनी मात्र "काढू नका, अर्धाच झालाय" असं म्हटल्याचं असिस्टंट शपथेवर सांगतो.

शेवटी निकाल लागला. खरा निकाल. काही मशिनींना 3.5, काहींना 3.4, दोन-तीन 3.3, आणि कोपऱ्यातल्या एकाला 3.1. कोपऱ्यातल्याचं कारण उघडल्यावर दिसलं: बाकीच्यांत रॅमच्या दोन पट्ट्या जोडीनं बसवलेल्या, याच्यात एकच मोठी. ऑनबोर्ड ग्राफिक्स रॅमच्या जिवावर जगतं, त्यामुळे एका पट्टीवर त्याचाही श्वास अर्धा झालेला. इतकं सगळं त्या आकड्यानं बिनचूक सांगितलं. या परीक्षकाची बाजू घ्यावीशी वाटते ती इथे. पट्टी विचित्र असेल, नियम जाचक असतील, पण समोर बसवून विचारलं तर तो खरं बोलतो. खोटं बोलत होती ती कॉपी.

तर कॉलेजला आता आनंद व्हायला हवा होता. झालं उलटं. बातमी वर्गात फुटली आणि मुलं 3.5 च्या मशिनी पकडायला पाच मिनिटं आधी येऊन उभी राहू लागली. दशांश एकनं मेडिकल हुकलेली ही पिढी. दशांश एकचं मोल त्यांना कोणी शिकवायला नको. 3.3 वर बसलेल्या एका मुलीचा सी प्लस प्लसचा प्रोग्राम चालेना, तेव्हा तिनं सेमीकोलन तपासण्याऐवजी रेटिंगची तक्रार केली. कोपऱ्यातल्या 3.1 वर कोणी बसेना, म्हणून तिथे इतिहास विभागाच्या सरांची पीएचडी टाइप करायची सोय झाली. नंतर पुरवठादारानं दुसरी पट्टी आणून बसवली, मशीन 3.5 झालं, आणि इतिहासाच्या सरांना तिथून उठावं लागलं.

प्राचार्यांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा प्रश्न सरळ होता. "आधी सगळ्यांना सारखे होते. तुम्ही हात लावलात आणि फरक पडला. समितीला मी काय सांगू?" मी इमेज, एक्सएमएल, तारखा, सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे आधीची सेटिंग परत आणता येईल ना?"

पुरवठादार तिथेच होता. त्याला या क्षणाची वाट असावी. तो म्हणाला, "सर, आधीची कशाला, सगळ्यांना 7.9 करून देतो. एक्स्ट्रा चार्ज नाही." आणि त्यात तांत्रिक अडचण खरंच कसलीच नव्हती. तीच एक्सएमएल फाइल नोटपॅडमध्ये उघडायची, सिस्टिमस्कोअर असं लिहिलेली ओळ शोधायची, आकडा खोडून हवा तो टाकायचा, सेव्ह करायचं. कुंडलीत 7.9 झळकतं. विंडोज फाइलीवर विश्वास ठेवतं आणि प्राचार्य विंडोजवर. त्या माणसाचं मला कौतुक यासाठी वाटलं की त्यानं हे विचारून केलं. न विचारताही करता आलं असतं, आणि मग आम्ही त्याला पुढच्या वर्षीचं काम दिलं असतं.

प्रस्ताव नामंजूर झाला. नैतिक कारणानं नव्हे. नॅकच्या समितीत कोणी कॉम्प्युटरचा जाणकार निघाला तर, या भीतीनं. समिती आली, लॅबमध्ये डोकावली, एसी नाही हे लिहून घेतलं आणि स्वच्छतागृहाकडे वळली. आकडा कोणी पाहिला नाही.

पुढे विंडोज एटमध्ये पट्टी 9.9 पर्यंत गेली, आणि 2013 च्या 8.1 मध्ये तो आकडा प्रॉपर्टीजमधून काढूनच टाकला गेला. विनसॅट मागच्या दारानं अजून चालतो, कमांड दिली तर गुणही देतो, पण निकाल लावायला कोणी नाही. आमच्या कॉलेजला हे कळवणारं मात्र कोणी नव्हतं. निविदेच्या नमुन्यात 'विंडोज रेटिंग (किमान 3.5)' हा रकाना त्या वर्षी घातला गेला तो राहिला. नमुना बदलायचा तर ठराव लागतो आणि रकाना मोकळा ठेवला तर निविदा बाद होते, म्हणून सगळे पुरवठादार निमूटपणे 7.9 लिहून देतात. मागे एका नवख्यानं 10 लिहिले. तांत्रिक छाननीत तो पहिला आला. दर उघडल्यावर त्याचा भाव चढा निघाला, म्हणून काम 7.9 वाल्याला गेलं.